नानांच्या विहिरीखालचा महासागर

आमच्या भिंगारच्या कॉलनीत प्रवासवर्णन सांगायचा अधिकार फक्त दुबई आणि थायलंडवाल्यांना आहे. ते परत आले की आम्ही त्यांच्या मोबाईलभोवती गोळा होतो आणि त्यांच्या हॉटेलातला नाश्ता डोळ्यांनी जेवतो. म्हणून फेब्रुवारीत आम्ही पुणतांब्याला जाऊन आलो हे मी इतके दिवस कुणाला सांगितलं नाही. सासुरवाडीला जाण्याला प्रवास म्हणत नाहीत, हजेरी म्हणतात. पण या खेपेला आम्ही नगर जिल्ह्याची हद्द न ओलांडता पृथ्वीच्या पोटात साडेसहाशे किलोमीटर खोल जाऊन आलो, आणि तेही आमच्या जुन्या गाडीतून, जिला इमामपूरच्या घाटात चढतानासुद्धा धाप लागते. दुबईवाल्यांनी याची नोंद घ्यावी.

मी लष्कराच्या एका कचेरीत मुलकी कारकून आहे. माझी बायको शोभा पुणतांब्याची. आमची मुलगी मुक्ता पुण्यात संशोधन करते. विषय असा, की समुद्राचा तळ काही ठिकाणी दुसऱ्या भूपट्टाखाली घुसून पृथ्वीच्या पोटात जातो, तेव्हा आपल्याबरोबर पाणी आणि कार्बन किती खोल नेतो आणि ते परत वर कसे येतात. नातेवाइकांना हा विषय सांगितला की ते विचारतात, "बरं, मग नोकरी कुठं लागते यात?" त्यामुळे मी गेली दोन वर्षं नुसतं "जमिनीचं काहीतरी" असं सांगत होतो. ऐकणाऱ्याला वाटायचं मुलगी तहसील कचेरीत लागली.

तर, एके दिवशी मोबाईलवर एक मजकूर आला: जमिनीच्या पोटात सगळ्या महासागरांना पुरून उरेल एवढं पाणी असू शकतं. मी तो पूर्ण वाचला नाही. पुढे पाठवणाऱ्यानं मजकूर वाचायचा असतो, अशी आपल्याकडे पद्धत नाही. वर "आपल्या मुक्ताचा विषय!! अभिमान!!" असं लिहून हात जोडल्याची चार चित्रं लावली आणि सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सोडून दिला. शोभाच्या मोठ्या भावानं, म्हणजे नानांनी, लगेच अंगठा दाखवला. तो अंगठा म्हणजे नुसती पोच आहे, असं मी समजलो.

आणि नेमकं त्याच महिन्यात मुक्ताला नानांच्या मळ्यातल्या जुन्या विहिरीच्या भिंतीतले पांढरे दगड हवे होते. आपल्या काळ्या दगडात कार्बन किती मुरलाय हे मोजलं की नद्या समुद्राला काय देतात आणि समुद्र पुढं पाताळाला काय देतो याचा अंदाज लागतो म्हणे. मी म्हटलं, चला, हजेरीही होईल.

इमामपूरचा घाट

घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं मुक्तानं गाडी थांबवायला लावली. हातोडी घेऊन उतरली आणि कड्याला भिंग लावून बघायला लागली. मी शेजारी पाण्याची बाटली धरून उभा राहिलो. मुलगी एवढी शिकली की बापाला एवढंच काम उरतं.

आपल्याकडे रस्त्याकडेला कुणी काही निरखून बघत असेल तर जाणाऱ्यानं थांबायचं असतं. कांद्याची पिकअप थांबली.

"काय ओ, टायर गेलं का?"

"नाही, दगड बघतोय."

"मूर्ती निघाली का काय?"

"नाही हो, मुलगी अभ्यास करते."

यावर विश्वास बसणं शक्यच नव्हतं. मागून दोन मोटरसायकली थांबल्या. एका म्हाताऱ्या बाबांनी सावधगिरी म्हणून चप्पल काढून ठेवली. मुक्तानं काळ्या दगडातल्या पोकळीतला पांढरा खडा फोडून तळहातावर घेतला, आणि त्यावर बाटलीतल्या पातळ आम्लाचा एक थेंब सोडला. खडा फसफसला.

"इनो हाय हे!" पिकअपवाला म्हणाला.

"बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे आहेत," मुक्ता म्हणाली. "हवेतला वायू पावसात विरघळतो, पाऊस दगडाला हळूहळू खातो, आणि त्यातला थोडा कार्बन असा दगडातच अडकून बसतो. बाकीचा नदीतून समुद्रात जातो. तिथं शिंपल्याकवड्यांचा चुना होतो. तो तळाशी साठतो, तळाबरोबर पाताळात जातो आणि ज्वालामुखीतून पुन्हा हवेत येतो. हे चक्र आहे म्हणून पृथ्वी फार तापत नाही आणि गोठतही नाही."

बाबांनी चप्पल पायात घातली. "देव न्हाई का मग," म्हणाले आणि गेले. एवढ्या मोठ्या चक्राचा त्यांनी एवढ्यात निकाल लावला.

पुढं पांढरीपुलाला भेळ खाल्ली. इथली भेळ खाऊन ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, त्यानं मिरची बाजूला काढली असं समजावं. मी ढेकर दिला तेव्हा मुक्ता म्हणाली, "पप्पा, हाही त्याच चक्राचा भाग." विज्ञानात माझी एवढी कदर पूर्वी कधी झाली नव्हती.

शनिशिंगणापूर

घोडेगावहून आत वळलो, कारण शोभाचं म्हणणं की वाटेत असून दर्शन न घेणं बरं नाही. ज्या गावात घरांना दारं लावायची पद्धत नाही, त्या गावात मी काय करावं? सवयीनं गाडीची चारही दारं नीट दाबून बंद केली. किल्ली आत, मोबाईल आत, आम्ही तिघं बाहेर. हे करायला भिंगारचाच माणूस लागतो. आमच्याकडे दाराला कडी, कडीला कुलूप, आणि मग ते ओढून बघायचं. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येऊन पुन्हा ओढून बघायचं.

दर्शन घेऊन आलो तर काचेतून माझा मोबाईल वाजताना दिसत होता. पडद्यावर नानांचा फोटो. थांबायचा, पुन्हा वाजायचा.

"उचला की," शोभा म्हणाली.

"कुठून उचलू?"

"नाना एवढ्यांदा फोन करत न्हाई. काय झालं आसंल?" राहुरी जवळ यायला लागली की आमच्या मंडळींची भाषा माहेरी पोहोचते. माणूस मागून येतो.

तिचा आणि मुक्ताचा मोबाईलही आतच होता. कुलूपवाल्याची चौकशी केली तर तेल विकणारा दुकानदार माझ्याकडे दयेनं बघायला लागला. "इथं कुलूपवाला काय खाईल, साहेब?" मग त्यानंच दुकानातली लोखंडी पट्टी आणली, काचेच्या रबरात सारली, दोनदा हलवली आणि दार उघडलं.

"हे कुठं शिकलात?" मी जरा घाबरूनच विचारलं.

"नगरला. गॅरेजात हुतो. गावात सराव करायला वाव न्हाई."

नानांना फोन लावला. ते इतक्या जोरात बोलत होते की फोन नसता तरी चाललं असतं.

"दाजी, कुठंशिक हायेत? आवो जेसीबी येऊन थांबलाय! बोअरची गाडी संध्याकाळच्याला यतीय. म्हनलं मुक्ताच्या हातानं नारळ फोडू, मग विहीर बुजवू!"

"विहीर का बुजवायची?"

"आवो तुमीच तर मेसेज टाकला. खाली समुद्र हाय, मग वर हे खड्डं कशाला? तिथं गाडीला शेड मारतो. शटरची. समदं गाव बोलावलंय, या लवकर."

नानांचा अंगठा म्हणजे पोच नव्हे, मंजुरी असते, हे मला तेव्हा कळलं. मुक्ताचा चेहरा उतरला. ज्या भिंतीसाठी आम्ही निघालो होतो तीच भिंत मातीखाली जाणार होती, आणि तीही तिच्याच नावानं.

उसामागे

शिंगणापूर ते श्रीरामपूर हा रस्ता ज्यानं हंगामात पार केला, त्याला धीर शिकवावा लागत नाही. आमच्या पुढं दोन ट्रॉल्यांचा ऊस, त्याच्या पुढं आणखी दोन. गाडी बैलाच्या चालीनं चालली होती आणि शोभा मागून "काढा की पुढं" म्हणत होती, जशी काही ती गोष्ट माझ्या हातात होती.

"मामांना कसं समजावू?" मुक्ता म्हणाली.

"आधी मला समजव. मला समजलं तर कुणालाही समजेल."

तिनं पुढच्या ट्रॉलीकडं बोट केलं. "हा ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडतो. पट्टा त्याला ओढत आत नेतो. समुद्राचा तळ तसाच आहे. वर्षाला काही बोटं सरकतो आणि दुसऱ्या भूपट्टाखाली जातो. आत गेला की दाब आणि उष्णता. उसाचा रस निघतो तसं दगडातलं पाणी पिळून निघतं आणि वर चढतं. ते पाणी वरच्या तापलेल्या दगडाला लागलं की तो लवकर वितळतो."

"साखरेत चमचाभर पाणी टाकलं की पाक लवकर हुतो तसं," शोभा म्हणाली.

"साधारण तसंच, आई. तो पाक वर आला की ज्वालामुखी. पण चिपाडात थोडा ओलावा राहतोच ना? तसं थोडं पाणी दगडात बांधलेलं राहतं आणि शेकडो किलोमीटर खाली जातं. खाली समुद्र आहे म्हणतात तो हा. लाटा नाहीत, थेंबही नाही. सगळा दगड."

"मग मेसेजमध्ये होतं ते खोटं?"

"खरं होतं, पप्पा. शेवटच्या परिच्छेदात हेच लिहिलं होतं."

मी पुढच्या उसावर लक्ष ठेवलं.

इथं नानांबद्दल थोडं सांगायला हवं. नानांचं शेत पाटाच्या टेलला आहे. धरणातून पाटाला पाणी सोडतात त्याला आवर्तन म्हणतात. पाट सुरू होतो ते हेड, संपतो ते टेल. हेडच्या माणसाचा ऊस बुडेपर्यंत भिजतो, मधल्याचा गहू भिजतो, आणि टेलच्या माणसाला आवर्तन संपल्याची बातमी मिळते. नाना आयुष्यभर टेलला भांडत आले. अर्ज, मोर्चे, पाटाच्या कडेला बसून राखण, सगळं झालं. गेल्या दिवाळीत मात्र त्यांनी मोठी पांढरी गाडी घेतली, आणि तेव्हापासून त्यांना आपण टेलला आहोत हे आठवेनासं झालं होतं.

पुणतांबा

जेसीबी चिंचेखाली उभा होता. त्याला झेंडूचा हार घातलेला. विहिरीशेजारी सतरंजी, सतरंजीवर गाव, मधोमध कडक इस्त्रीत नाना. "आली आमची शास्त्रज्ञ!" ते ओरडले आणि मुक्ताला फेटा बांधायला निघाले. कसंबसं "आधी जेवू" म्हणून तिनं सुटका करून घेतली.

मामींनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, कुळथाची शेंगोळी वाढली. बाजरीची भाकरी, वर तेल, कच्चा कांदा. दुबईत असलं काही मिळत असेल तर मला कळवावं. मामी एरवी ताट भरेपर्यंत चार गोष्टी सांगतात, पण त्या दिवशी नुसतं वाढत राहिल्या. शेवटी मुक्ताच्या ताटात भाकरी टाकताना बोलल्या, "लगीन होऊन आले तवापास्नं ही विहीर आटली न्हाई. उन्हाळ्यात रुसती. पाऊस झाला की यती. माझी मेथी, वांगी, समदं तिच्याव. आन तुझा मामा तिच्या उरावर गाडी हुबी करनार. माझं ऐकत न्हाई. तू सांग."

जेवण झाल्यावर मुक्तानं मला विहिरीच्या पायऱ्यांवर गाठलं. "खरं सांगितलं तर गावासमोर मामांची फजिती. नाही सांगितलं तर विहीर जाते. काय करू?"

मी कारकुनी सल्ला दिला. "विषय विचाराधीन आहे असं म्हण."

तिनं माझ्याकडं बघितलं ते नुकत्याच फोडलेल्या दगडाकडं बघतात तसं, आणि वर गेली.

सतरंजीवर सगळे सरसावून बसले. नानांच्या शेजारी दगडूतात्या. तात्यांचं शेत हेडच्या अंगाला, त्यामुळे स्वभाव तृप्त.

"पोरी, लांबड लावू नको," नाना म्हणाले. "खाली पानी हाय का न्हाई येवढं सांग."

"आहे मामा."

टाळ्या पडल्या. जेसीबीवाल्यानं इंजिन सुरू केलं.

"किती खोल?" गाडीच्या आधीच येऊन बसलेल्या बोअरवाल्यानं विचारलं.

"चारशे ते साडेसहाशे."

"मग काय, आपली मशीन तर हजार जाती!"

"तुमची मशीन फुटात जाते. मी किलोमीटर म्हणतेय. माणसानं आजवर पाडलेलं सगळ्यात खोल भोक बाराएक किलोमीटर आहे."

इंजिन बंद झालं. बोअरवाला मनात केसिंग पाईप मोजायला लागला, ते त्याच्या ओठांवर दिसत होतं.

"बरं, खोल तर खोल," नाना अजून सावरून होते. "पन हाताला तर लागंल?"

"नाही मामा. ते दगडाच्या कणात बांधलेलं आहे. काढून ओतता येत नाही."

"म्हंजे आपल्या नळ योजनेवानी," मागून कुणीतरी बोललं. "कागदाव हाय, तोटीत न्हाई." सतरंजी हसली. नाना हसले नाहीत.

"आपोआप वर येत न्हाई का कवा?"

"येतं. समुद्रातून खाली जातं, ज्वालामुखीतून वर येतं, पावसानं पुन्हा समुद्रात. सारखं चालू असतं. फक्त एका फेऱ्याला कोट्यवधी वर्षं लागतात."

"आरं मंग आवर्तनच की हे!" दगडूतात्या मांडीवर थाप मारून म्हणाले.

मुक्ता तात्यांकडं वळली. मग म्हणाली, "बरोबर, तात्या. आवर्तनच. आणि त्यालाही हेड असतं. अंदमानच्या अलीकडं समुद्राचा तळ खाली जातो. थोडं आत गेलं की पाणी पिळून निघतं. बॅरन नावाच्या बेटावर ज्वालामुखी आहे, तिथून ते वाफ होऊन बाहेर पडतं. त्या बेटाला पहिलं पाणी."

"आन आपल्याला?" नानांनी विचारलं.

मुक्तानं मामांकडं बघितलं. "आपण टेलला, मामा."

नानांच्या तोंडावरचं सगळं पुढारपण उतरलं. पांढरी गाडी उतरली, शटर उतरलं. राहिला तो पाटाच्या कडेला बसून शेताकडं येणारी कोरडी चारी बघणारा माणूस.

"इथंबी टेलला?"

"हो, मामा."

तात्या मिशीत हसत होते. हेडच्या माणसाला पृथ्वीच्या पोटातली बातमीसुद्धा गोड लागते. नाना उठले. एकदा तात्यांकडं, एकदा विहिरीकडं बघितलं, आणि गरजले, "टेलचं वावर, आन आवर्तनाच्या भरवशाव विहीर बुजवायची? आपलं पानी हाय तेवढंबी घालवायचं? कोन म्हनलं बुजवा म्हनून?"

मग सगळी सतरंजी हळूहळू माझ्याकडं वळली.

"दाजी, मेसेज तुमी टाकला."

मी मान डोलावली. वरचा साहेब चुकला की फाईल खालच्याच्या टेबलावर सापडते. कचेरीत एवढी वर्षं काढलेल्या माणसाला ते नवीन नसतं. शिवाय या वेळी फाईल खरोखर माझीच होती.

बोअरची गाडी फोन करून वाटेतूनच परत पाठवली. अडचण जेसीबीची राहिली. हार घातलेला जेसीबी काम न करता परत पाठवणं हे गावाला मानवणारं नव्हतं. मुक्तानं सुचवलं की वरच्या अंगाला पावसाचं पाणी नुसतं वाहून जातं, तिथून चर काढा, शेवटी खड्ड्यात वाळूगोटे भरा, म्हणजे पाणी गाळून विहिरीत उतरेल. नारळ तर आणलेलाच होता. तो नानांनी विहिरीच्या काठावर फोडला आणि भाषण केलं. भाषणात त्यांनी सांगितलं की विहीर बुजवण्याच्या काही लोकांच्या योजनेला आपला पहिल्यापासून विरोध होता. काही लोक म्हणजे मी. मी टाळ्या वाजवल्या.

उन्हं कलेपर्यंत चर निघाला. मुक्ता पायऱ्यांनी खाली उतरून भिंतीतल्या पांढऱ्या रेघेवर हातोडी मारत होती, मामी वरून वाकून बघत होत्या. थेंब पडला, दगड फसफसला.

"हे येवढं बुडबुडं मोजायला तुला पुन्याला ठेवलंय व्हय?" मामी म्हणाल्या. पण तिच्या पिशवीत त्यांनी स्वतः निवडलेले दोन पांढरे दगड घातले आणि वर मेथीच्या जुड्या. मेथीची माती दगडांना लागली म्हणून मुक्ता पुढं दोन दिवस धूत बसली होती.

गोदाकाठ

निघायच्या आधी सकाळी नाना आम्हाला नदीवर घेऊन गेले. तिथं त्यांचा एक तुकडा होता, तो पुरात थोडा थोडा तुटून गेला. "सातबाऱ्याव अजून हाय," नाना म्हणाले. "वावर कुठं गेलं देव जाने."

"बंगालच्या उपसागरात," मुक्ता म्हणाली. "गोदावरी तिकडंच जाते. त्यातली थोडी माती कदाचित तळाबरोबर सरकत अंदमानाखालीसुद्धा जाईल. फार फार वर्षांनी."

नानांनी पाण्याकडं बघितलं. "आन मंग त्या ज्वालामुखीतनं वर यील?"

"त्यातलं पाणी, कार्बन, थोडीफार माती. येईल."

"म्हंजे आमचं वावर टेलवरनं हेडला चाललंय." या एका गोष्टीनं ते एकदम खूश झाले. आयुष्यात प्रथमच नानांना हेडला जमीन मिळत होती. फक्त कब्जा कुणी घ्यायचा ते ठरायचं होतं.

भिंगारला पोहोचलो तर नळाला पाणी नव्हतं. एरवी मी चिडलो असतो. या वेळी बादली नळाखाली ठेवली आणि शांतपणे म्हटलं, आवर्तन चालू आहे. शोभानं माझ्याकडं बघितलं आणि बादली उचलून टाकीकडं गेली.

जुलैत मामींचा फोन आला. पाऊस बरा झाला होता, चरातून पाणी उतरलं, विहीर वरच्या पायरीपर्यंत आली होती.

"नाना काय करतात?" शोभानं विचारलं.

"काय करत्यात! गाडी धुत्यात. चिंचंखाली लावली की बगळं बसत्यात वर. रोज विहिरीचं पानी काढून धुत्यात. शेड मारली आसती तर धुवायला पानी कुठलं आनलं आसतं, हे मला विचारत्यात आता. जसं काय विहीर मीच बुजवायला निघाले हुते."

मागून नानांचा आवाज आला. "दाजींना सांग, हे गाडीचं पानी वढ्याला चाललंय, वढा गोदावरीला. तिकडं अंदमानात वर आलं की कळवा म्हनावं. त्ये आपलं हाय!"

मी कळवीन म्हटलं. मुक्तानं सांगितलंय की वेळ लागेल.